भाऊबंदकीतला परका

सुरतेच्या चौक बाजारात किल्ल्याच्या बुरुजाशी उभं राहिलं की तापी अगदी पायाशी असते. जहाजांची ये-जा तिच्यातून केव्हाच थांबली. पूर्वीसुद्धा मोठी गलबतं इथवर येत नसत. ती सुवाळीच्या बाऱ्यात नांगर टाकत, आणि माणसं नि माल होड्यांतून वर येई. किल्ल्यापासून चार पावलांवर मुघलसराई आहे. आज तिथे महानगरपालिकेची कचेरी भरते, पण १६४४ साली ती बांधली गेली वाटसरूंसाठी, आणि त्या वाटसरूंत मोठा भरणा हाजला निघालेल्या यात्रेकरूंचा होता. सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत ते याचसाठी. उत्तरेतून, दख्खनमधून, माळव्यातून आलेली माणसं या सराईत उतरायची, वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत थांबायची, आणि मग निघायची.

या दरवाजातून बाहेर गेलेल्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हे पुस्तक आत आलेल्यांबद्दल आहे. लाल समुद्राकडून परतणाऱ्या जहाजांत मोख्याची कॉफी असे, खजूर असे, घोडे असत, आणि माणसंही असत. कमरेला वाकडा जंबिया, खांद्यावर लांब नळीची तोडेदार बंदूक आणि ओठांवर आपल्या गावच्या जमादाराचं नाव. त्यांतले बहुतेक हद्रमौतचे, म्हणजे अरबस्तानाच्या दक्षिण टोकाकडच्या, कोरड्या दऱ्यांच्या मुलखातले. पाऊस नाही, शेती थोडी, टोळ्यांची भांडणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. अशा मुलखातून पोरगा निघायचा आणि सुरतेला, मुंबईला किंवा कच्छ-काठेवाडच्या एखाद्या बंदरात उतरायचा. पुढे बडोदं, पुणं, नागपूर, हैदराबाद. जिथे दोन भाऊ गादीसाठी भांडत असतील तिथे त्याला काम मिळे. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे भाऊ भांडत नव्हते असं ठिकाण शोधावं लागलं असतं.

मराठीत या भांडणाला दोन शब्द आहेत. एक यादवी, दुसरा भाऊबंदकी. यादवी आली महाभारतातून. प्रभासक्षेत्री, म्हणजे आजच्या सोमनाथजवळ, यादवांनी एकमेकांना एरका गवताच्या ताटांनी मारलं. त्या कथेत परका कोणी नाही. मारणारेही यादव, मरणारेही यादव. भाऊबंदकी हा शब्द तर सरळ घरातून, शेताच्या बांधावरून आला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली राघोबादादांच्या गोष्टीवर नाटक लिहिलं, तेव्हा त्याला हेच नाव दिलं. दोन्ही शब्द आपल्याला सांगतात की हे घरचं भांडण आहे. पण अठराव्या शतकातली भाऊबंदकी प्रत्यक्ष लढली कोणी, हे पाहायला गेलं की वेगळीच माणसं समोर येतात. तटावर अरब, देवडीवर पुरभय्ये, छावणीत रोहिले, सिंधी, पठाण, गोसावी, तोफखान्यावर फिरंगी. भाऊ दोन, आणि त्यांच्यासाठी मरणारे हजारो परके. या परक्यासाठी मराठीने एकच शब्द जिवंत ठेवला, तो म्हणजे गारदी. आणि तोही शिवीसारखा.

त्या शब्दापासूनच सुरुवात करायला हवी. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस, भर दुपार. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ यांच्या हाताखालचे गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव चुलत्याच्या, म्हणजे राघोबादादांच्या, गळ्याला मिठी मारलेला असताना कापला गेला. चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावर पडला आणि तोही मेला. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, यावर आपण दोनशे वर्षं बोलत आलो. दादांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या अक्षरावर आपला जेवढा जीव अडकला आहे, तेवढा त्या दुपारच्या साध्या गोष्टीवर अडकलेला नाही. गारद्यांचा पगार थकला होता. ते वाड्याच्या दारात कटकट करत होते, आणि कारभाऱ्यांच्या लेखी तो रोजचाच कलकलाट होता. थकलेल्या पगाराचा तगादा दारात असल्यामुळेच हत्यारबंद माणसं वाड्यापर्यंत पोहोचली तरी कोणाच्या मनात पाल चुकचुकली नाही. कट राघोबादादांच्या गोटातला असेल, पण तो कट पार पडेल अशी वाट थकबाकीने करून ठेवली होती.

याने खून धुऊन निघत नाही, आणि मला तो धुवायचाही नाही. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दादांना दोषी ठरवलं ते योग्यच होतं. गारद्यांचाही पुढे शोध घेतला गेला आणि हाती लागलेल्यांना क्रूर मरण आलं. मला एवढंच म्हणायचं आहे की आपण रामशास्त्र्यांचा निवाडा लक्षात ठेवला, आनंदीबाईंची बदनामी लक्षात ठेवली, आणि ज्या हिशेबाच्या वहीत हे सगळं आधीच लिहिलेलं होतं ती वही मात्र मिटून ठेवली. ती वही उघडावी, एवढ्यासाठी हे पुस्तक.

गारदी ही एक जात नव्हती, एक धर्म नव्हता, एक मुलूखही नव्हता. फिरंगी ‘गार्द’ या शब्दाचं हे मराठी रूप आहे. फ्रेंच सेनापती बुसी याने निजामाच्या राज्यात कवायती पायदळ उभं केलं, त्यातूनच इब्राहिमखान गारदी पुढे आला. तो १७६० मध्ये उदगीरला आणि १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवराव भाऊंकडून लढला आणि तिथेच पकडला जाऊन मारला गेला. म्हणजे ज्या शब्दाला आपण विश्वासघाताचा वास लावला, त्याच शब्दाचा माणूस आपला धर्मबंधू समोरच्या फौजेत असताना मराठ्यांना सोडून गेला नाही. सुमेरसिंग आणि खरगसिंग ही नावं उत्तरेकडची. अशा माणसांना पुण्यात ‘परदेशी’ म्हणत. तो शब्द आज आडनाव होऊन नाशकापासून पुण्यापर्यंत नांदतो आहे, आणि परदेशी आडनावाच्या मित्राला आपण कोणत्या देशाचा असं विचारत नाही. मराठवाड्यातल्या चाऊस मंडळींचंही तसंच. निजामाच्या अरब फौजांतून आलेली ही घरं औरंगाबादेत, नांदेडात, परभणीत पिढ्यान्‌पिढ्या इथलीच होऊन राहिली.

धन्याला परका शिपाई का हवा असे? एक कारण सर्वांना ठाऊक आहे. बंदूक आणि तटामागून नेम धरण्याची हातोटी यांत अरबाला तोड नव्हती. सुरेंद्रनाथ सेनांनी मराठ्यांच्या लष्करावर लिहिताना पगाराचा एक दर दिला आहे. अरबाला महिना १५ रुपये, हिंदुस्थानी शिपायाला ८, आणि दख्खन-कोकणच्या माणसाला ६. एकाच तटावर, एकाच पहाऱ्यावर उभ्या असलेल्या तिघांचे हे तीन दर. आपल्या मातीतला माणूस सर्वांत स्वस्त.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भाऊबंदकीत घरच्या माणसावर भरवसा टाकता येत नाही. मराठा शिलेदाराचा मामा या पक्षात, मेहुणा त्या पक्षात, वतनाचा कागद तिसऱ्याच्या सहीचा. आज आपण ज्याच्याविरुद्ध लढतो आहोत, उद्या त्याच्याकडेच गाव मागायचं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो बेताने लढतो, दसऱ्याला निघतो आणि आगोटीला घरी परततो. परक्याला इथे गाव नाही, वतन नाही, मेहुणा नाही. पावसाळ्यात तो छावणी सोडून जात नाही, कारण जाणार कुठे? त्याच्यासाठी धनी म्हणजे महिन्याअखेरचा पगार. म्हणूनच तो घरच्यांहून विश्वासाचा, आणि म्हणूनच महिना उलटला की घरच्यांहून धोक्याचा. ज्या गुणासाठी त्याला ठेवलं, त्याच गुणाबद्दल पुढे त्याला शिव्या घातल्या.

सुरतेनेही अशी यादवी आपल्या पेठांतून पाहिलेली आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला शहराची नबाबी एकाकडे आणि किल्ला दुसऱ्याकडे, अशी स्थिती होती. मियां अचन आणि त्याचे प्रतिस्पर्धी एकमेकांवर तोफा डागत होते. किल्ला सिद्दींच्या हाती होता, आणि सिद्दी म्हणजे आफ्रिकेहून आलेल्यांचे वंशज. गायकवाडांना मदतीला बोलावलं गेलं, त्यांनी महसुलात वाटा घेतला. शेवटी मार्च १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि वर निशाण मात्र बादशहाचंही ठेवलं. नबाबाला नबाबी मिळाली, व्यापाऱ्यांना शांतता, आणि किल्ल्याच्या किल्ल्या कंपनीच्या कमरेला. हा धडा सुरतेने पहिल्यांदा गिरवला. पुढची दोन प्रकरणं म्हणजे त्याचीच मोठ्या अक्षरातली नक्कल आहे.

पहिलं प्रकरण राघोबादादांचं. नारायणरावानंतर पेशवाई दादांना मिळाली खरी, पण नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके अशा बारभाईंनी नारायणरावाच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि दादांच्या पायाखालची जमीन गेली. त्याआधी कासेगावला त्यांनी त्र्यंबकराव पेठ्यांना मारलं, पण विजयाने पगार भागत नाहीत. हरिपंत पाठीवर, फौज उपाशी. दादा बऱ्हाणपूर, माळवा, गुजरात असे फिरत राहिले. फेब्रुवारी १७७५ मध्ये महीकाठी त्यांचा मोड झाला, ते खंबायतला पळाले, तिथून भावनगर, आणि भावनगरहून समुद्रमार्गे २३ फेब्रुवारीला सुरत.

पानिपताच्या आधी ज्याचे घोडे अटकेपर्यंत गेले, तो पेशवा होडीतून सुरतेच्या धक्क्यावर उतरला. मराठी इतिहासात याहून जीव तोडणारं दृश्य मला सापडत नाही. कारण तो उतरला ते त्याच धक्क्यावर, जिथे अरब शिपाई कामाच्या शोधात उतरत. फरक एवढाच की शिपाई आपली तलवार विकायला आला होता आणि दादा दुसऱ्याची विकत घ्यायला. आणि त्यांच्या खिशातही काही नव्हतं.

६ मार्च १७७५ चा करार इतिहासात सुरतेचा तह म्हणून ओळखला जातो. इंग्रजांनी दादांना किमान २,५०० फौज द्यायची, तिच्या खर्चापोटी दादांनी महिना दीड लाख रुपये द्यायचे, तारण म्हणून ६ लाखांचं जवाहीर ठेवायचं. याखेरीज साष्टी, वसई आणि भोवतालची बेटं कंपनीला कायमची, शिवाय भरुच आणि सुरतेच्या उत्पन्नातला वाटा. हा कागद तह म्हणून वाचला की राजकारण दिसतं. शिपाई ठेवण्याचा करार म्हणून वाचावा. माणसं किती, महिना किती, तारण काय, जामीन काय. जे कलम अरब जमादार घालून घेई, तेच कंपनीने घातलं. गारदी पगार मागत होता, कंपनीने जमीन मागितली. साष्टीवरचा ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी तह होण्याच्या दोन महिने आधी, डिसेंबर १७७४ अखेरीस, मारून घेतला होता. दादांनी गारद्याच्या तगाद्याला कंटाळून त्याहून मोठा गारदी ठेवला, असं मी पुस्तकात म्हटलं आहे, आणि पुष्कळ विचार करून म्हटलं आहे.

कर्नल कीटिंगची पलटण सुरतेहून निघाली. १८ मे १७७५ रोजी आणंदजवळ अडासच्या मैदानात हरिपंतांच्या फौजेशी गाठ पडली. इंग्रज जिंकले असं इंग्रज लिहितात, पण त्या दिवशी त्यांचीही २०० हून अधिक माणसं मेली वा जखमी झाली. त्याच वेळी बडोद्याला गायकवाड बंधूंचं आपसांत चाललंच होतं. गोविंदराव दादांकडे, फत्तेसिंगराव पुण्याकडे. एका यादवीच्या पोटात दुसरी. १७८२ च्या सालबाईच्या तहाने सगळं थांबलं तेव्हा दादा कोपरगावी राहायला गेले आणि पुढच्या वर्षी वारले. साष्टी मात्र परत आली नाही.

दुसरं प्रकरण बडोद्याचं, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यानेच व्यापला आहे. इथे परका शिपाई पडद्यामागे नाही. तो दिवाणखान्यात येऊन बसला आहे.

गायकवाडांचं मूळ ठाणं सोनगड. पूर्वी ते सुरत जिल्ह्यात होतं, आता तापी जिल्ह्यात आहे. पिलाजीरावांनी तिथे पाय रोवला आणि पुढे राज्य बडोद्याला गेलं. १७९३ मध्ये गोविंदराव पुण्याहून येऊन बडोद्याच्या गादीवर बसले, तेव्हा अरबांचं बळ वाढलं. सप्टेंबर १८०० मध्ये ते वारले. थोरले आनंदराव दुबळ्या मनाचे. दासीपुत्र कान्होजीने सत्ता हाती घेतली. अरबांनीच त्याला उतरवलं आणि कारभार रावजी आप्पाजी या प्रभू दिवाणाकडे आला. कडीचे जहागीरदार मल्हारराव गायकवाड कान्होजीच्या बाजूने उठले. फत्तेसिंगरावांची कन्या गजराबाई सुरतेला राहून त्या पक्षासाठी इंग्रजांकडे खटपट करत होत्या. दोन्ही पक्ष एकाच दारावर थाप मारत होते, हे विसरू नये.

बडोद्यात त्या वेळी सुमारे ७,००० अरब होते. त्यांचा जोर समजायचा तर ‘बहांदरी’ हा शब्द समजून घ्यावा लागतो. बहांदरी म्हणजे हमी. दिवाणाला आपल्या जिवाची खात्री हवी, तर अरब जमादाराची बहांदरी. सावकाराने राज्याला कर्ज दिलं, तर ते बुडणार नाही याबद्दल जमादाराची बहांदरी. कैद्याला सोडताना, गावाचा मक्ता देताना, दोन भावांत तडजोड करताना, प्रत्येक वेळी त्याच्याच शब्दावर सौदा. राजाच्या सहीने ज्या कागदाला वजन येत नसे, त्याला जमादाराच्या शब्दाने येई. कारण राजा शब्द फिरवू शकत होता. जमादाराने शब्द फिरवला, तर त्याच्या टोळीत त्याला तोंड दाखवायला जागा राहत नसे. राज्याची पत राज्यकर्त्याकडून निघून पहारेकऱ्याकडे गेली होती.

या पहारेकऱ्याच्या मागे सावकार उभा होता. मंगळ पारख, सामळ बेचर अशा पेढ्या महिन्याचा पगार आगाऊ भरत, त्यावर व्याज घेत आणि गावांच्या वसुलीवर हक्क सांगत. म्हणजे साखळी अशी होती: शेतकरी वसूल भरतो, वसूल सावकाराकडे जातो, सावकार जमादाराला देतो, जमादार शिपायाला देतो, आणि शिपाई राजाच्या दारावर उभा राहून राजाला बाहेर जाऊ देत नाही. या साखळीत राजा कुठे बसतो? कुठेच नाही. भाऊ भांडत राहणं मात्र सावकारालाही हवं आणि जमादारालाही. तहाच्या दिवशी दोघांचाही धंदा बसतो.

रावजी आप्पाजींनी मुंबईकर इंग्रजांना हाक घातली. जानेवारी १८०२ मध्ये मेजर अलेक्झांडर वॉकर बडोद्यात आला. मार्चमध्ये कडीला मल्हाररावांनी इंग्रजांना चांगलाच हात दाखवला, पण ३० एप्रिलला जादा कुमक घेऊन इंग्रजांनी त्यांची मोर्चेबंदी मोडली आणि मल्हारराव शरण आले. जूनमध्ये खंबायतला करार झाला. त्यात सुरतेची चौथाई आणि सुरतेभोवतीचा चौऱ्याशी परगणा कंपनीकडे गेला. आज सुरत जिल्ह्यात चोर्यासी नावाचा तालुका आहे. सुरतेच्या हद्दीवर ते नाव रोज माझ्या नजरेस पडतं, आणि ते एका यादवीच्या खर्चापोटी दिलं गेलं होतं, याची आठवण आल्यावाचून राहत नाही.

उरले अरब. त्यांना काढायचं तर थकबाकी द्यायला हवी, आणि तिजोरी रिकामी. डिसेंबर १८०२ मध्ये त्यांनी बडोद्याचे दरवाजे लावून घेतले. आनंदरावही आत, त्यांच्याच हाती. कर्नल वुडिंग्टनने वेढा घातला. तटावरून अरबांच्या गोळ्या नेमक्या बसत होत्या. दहा दिवस तोफा चालल्या, भिंत पडली आणि मग बोलणी झाली. थकबाकी चुकती करायची, ती १७ लाख ५० हजार रुपये निघाली. अरबांनी राज्य सोडून जायचं. आणि त्यांनी दिलेल्या बहांदऱ्या कंपनीने आपल्या शिरावर घ्यायच्या.

शेवटचं कलम वाचताना मी दरवेळी थांबतो. अरब वेशीबाहेर गेले, पण त्यांची जागा रिकामी राहिली नाही. जमादाराच्या शब्दावर जे चाले ते रेसिडेंटच्या शब्दावर चालू लागलं. दिवाणाच्या जिवाची हमी, सावकाराच्या कर्जाची हमी, गादीच्या वारसाची हमी, सगळ्यांवर आता वॉकरसाहेबाची मोहोर. अरबांचा वेढा उठला त्याच आठवड्यात, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईला तह केला. तोही होळकरांशी झालेल्या भाऊबंदकीतून, हडपसरच्या लढाईत पळ काढल्यावर. बडोदं आणि पुणं एकाच आठवड्यात एकाच बहांदराच्या हाती गेलं.

गोविंद सखाराम सरदेसायांनी बडोद्याच्या चाकरीत राहून रियासत लिहिली. मराठीत या काळाबद्दल जे काही शहाणपण आहे ते बरंचसं त्यांच्यामुळे. तरी रियासतीत आणि तिच्या वाटेने गेलेल्या इतिहासांत परका शिपाई येतो तो उपद्रव म्हणून, टोळधाडीसारखा. मी या पुस्तकात त्याच्याकडे कामकरी म्हणून पाहायचा प्रयत्न केला आहे. ही दृष्टी मला पुस्तकांतून मिळालेली नाही. माझे वडील नंदुरबारकडून सुरतेला आले ते लूमवर काम करायला. आमच्या लिंबायतच्या गल्लीत अहिराणी ऐकू यायची, सणाला माणसं गावाकडे जायची, आणि महिन्याच्या सात तारखेला सगळ्या गल्लीचा जीव टांगणीला लागायचा. एकदा तीन महिने पगार मिळाला नाही. वडील आणि त्यांचे सोबती कारखान्याच्या फाटकाशी बसले होते. त्या दिवसांत शेजारपाजारच्या बोलण्यात त्यांच्याबद्दल जे शब्द मी ऐकले, ते पुढे जुन्या कागदांत गारद्यांबद्दल वाचले. बाहेरचे, माजलेले, कोणाचे न होणारे. वडिलांच्या हातात बंदूक नव्हती, एवढाच काय तो फरक. ‘पगार’ हा शब्दसुद्धा परका आहे, पोर्तुगिजांकडून आलेला. त्याआधी आपण रोजमुरा म्हणत होतो, वेतन म्हणत होतो. शब्द बाहेरून घेतला आणि तो थकवायची रीत मात्र आपली होती.

दूरच्या जगाची साक्षही पुस्तकात जागोजाग आहे, पण तिची गर्दी केलेली नाही. अमेरिकेतल्या यादवीत उत्तरेच्या सैन्यातला जवळपास दर चौथा शिपाई परदेशात जन्मलेला होता, मुख्यतः जर्मन आणि आयरिश. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीत लढायला गेले, तेही नाव बदलून, जॉन स्मिथ म्हणून, आणि फ्रँकोच्या कैदेत पडले. मराठी माणूस दुसऱ्यांच्या भाऊबंदकीत पगाराची आशा न धरता उतरला, याचं हे उदाहरण मला मोलाचं वाटतं. पण हुद्दारांना निवड होती. हद्रमौतच्या पोराला भूक होती. दोघांना एका तागडीत घालायला माझं मन धजत नाही.

त्या पोराचा पैसा कुठे गेला, हे पाहिलं तेव्हा मी स्वतः चकित झालो. हैदराबादेत निजामाच्या फौजेत जमादार झालेल्या उमर बिन अवद अल-कुऐती याने दख्खनमध्ये मिळवलेली दौलत हद्रमौतला पाठवली आणि तिच्या बळावर त्याच्या घराण्याने शिबाम, शिहर आणि पुढे मुकल्ला घेतलं. समोरचा पक्ष कथीरींचा, आणि त्यांचाही एक जमादार हैदराबादेतच. म्हणजे मराठवाड्याच्या आणि तेलंगणाच्या शेतसाऱ्यातून अरबस्तानात एक यादवी लढली गेली. कुऐतींची सलतनत १९६७ पर्यंत टिकली. आपल्या भावांच्या भांडणाचं भाडं घेऊन ते आपापल्या भावांशी भांडले. सुरतेच्या सैयदपुऱ्यात १६३९ सालची इद्रुस मशीद आहे. इद्रुसांचं हे घराणंही हद्रमौतचंच, पण ते बंदूक घेऊन आलं नाही, जपमाळ घेऊन आलं. त्याच वाटेने, त्याच वाऱ्यावर. त्यांच्यावर एक छोटं प्रकरण आहे. ते विषयाला सोडून आहे असं काहींना वाटेल. मला ते काढवलं नाही.

शेवटच्या प्रकरणात १८१७-१८ ची हकिगत आहे. तोवर भाऊबंदकी संपत आली होती, कारण भांडायला राज्यंच उरली नव्हती. तरी अरब लढत राहिले. कोरेगावला पेशव्यांच्या पायदळात ते होते. रायगडावर बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाईंच्या रक्षणाला शेख अबूद नावाचा अरब सरदार होता, आणि गड मे १८१८ मध्ये खाली झाला. नागपुरात सीताबर्डीच्या लढाईनंतर, राजा इंग्रजांच्या छावणीत जाऊन बसला तरी, शहरातले अरब जागा सोडेनात. डिसेंबरअखेर पैसे आणि सुखरूप जाण्याचं वचन मिळाल्यावरच ते बायकापोरांसह बाहेर पडले. राजे शरण गेल्यावरही त्यांचे शिपाई तटावर राहिले. कृतघ्न म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांचं हे वर्तन कोणत्या खात्यात मांडायचं, ते वाचकांनी पाहावं.

आणि मालेगाव. नारोशंकर राजेबहादूरांनी मोसम नदीकाठी बांधलेला तो किल्ला मे १८१८ मध्ये अरबांनी धरला. त्यांची संख्या चारशेच्या आतबाहेर. इंग्रजांनी जवळपास महिनाभर वेढा घातला, सुरुंग लावले, चढाया केल्या, आणि त्यांची २०० हून अधिक माणसं मेली वा जखमी झाली. जूनच्या मध्यावर दारूचं कोठार उडालं आणि बोलणी सुरू झाली. शरणागतीचा कागद मराठीत लिहिला गेला. एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला हद्रमौतचे अरब, आणि दोघांमधला करार मराठीत. त्यात अरबांच्या हिताचं ते केलं जाईल, अशा अर्थाचे शब्द होते. मागाहून त्या शब्दांवर वाद निघाला. इंग्रज सेनापतीच्या मनात तसं नव्हतं, पण कागद तसं म्हणत होता. शेवटी कमिशनर एल्फिन्स्टनने कागद मानला. अरबांना कैदी म्हणून डांबलं नाही, त्यांच्या वाटखर्चाची सोय झाली.

मग मालेगावहून त्यांना सुरतेला नेण्यात आलं, मायदेशी जाणाऱ्या जहाजांत बसवण्यासाठी. पावसाळा लागलेला, म्हणजे वाट खानदेशातल्या काळ्या चिखलातून. काहींच्या कपाळावर इथल्या पंधरा-वीस पावसाळ्यांची सुरकुती असेल. सोबत बायका होत्या, त्यांतल्या काही याच मुलखातल्या असणार. आणि मुलं, बापाने अरब आणि बोलीने खानदेशी. याच मुलखातून माझे वडील दीडशे वर्षांनी सुरतेला आले. त्या मुलांनी तापीच्या मुखाशी पहिल्यांदा समुद्राचं पाणी पाहिलं असेल, आणि कोणीतरी बोट दाखवून सांगितलं असेल की पलीकडे आपलं गाव आहे.